पाऊस न आलेल्या वर्षातली प्रार्थना : एका ग्रामीण मंडळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चची सभासद घरं, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातली. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही. घरांची संख्या आणि कौटुंबिक तपशील बदलले आहेत, आणि आसपासच्या मंडळ्यांतले एक-दोन प्रसंग यातच घेतले आहेत. सरकारी तारखा आणि नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

गाव साधारण २,२०० वस्तीचं, त्यात मंडळीची घरं ४०च्या आसपास. बहुतेकांकडे दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, काहींकडे तेवढीही नाही. खरिपात बाजरी, तूर, थोडा कापूस. परतीचा पाऊस झाला तर रब्बीची ज्वारी. दहा-बारा घरं मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाळकसाहेबांकडे (चर्चचे धर्मगुरू) अशी पाच गावं असल्यामुळे इथे त्यांचे महिन्याला दोनच रविवार होतात. बाकी उपासना मंडळीचे वडील, म्हणजे जाणते पुढारी, आणि महिला मंडळ चालवतं. मंदिर, म्हणजे चर्चची इमारत, दगडी, वर पत्रा, आणि आवारात मिशनच्या काळातली बांधीव विहीर. पुढे सगळं प्रकरण या विहिरीभोवती फिरलं.

अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम १८३१ पासूनचं. १८७६–७८चा दुष्काळ आणि नंतरचे १८९६–९७ व १८९९–१९०० हे दोन दुष्काळ या भागातल्या ख्रिस्ती घरांच्या आठवणीत आजही आहेत, कारण अनेकांचे पूर्वज त्याच काळात मिशनजवळ आले. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणाही तेव्हाचाच. म्हाताऱ्या मंडळींना १९७२ आठवतं : रोजगार हमीवर फोडलेली खडी, खायला मिळालेली सुकडी आणि मिलो ज्वारी. त्याच काळात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेलं आरोग्यकाम पाणी आणि अन्नापासून वेगळं राहू शकलं नव्हतं. फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूनेही पुढे याच जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाला बळ दिलं. म्हणजे दुष्काळात प्रार्थना आणि फावडं दोन्ही हातात घेणं या भागात काही नवं नाही. तरीही २०१८ साली ही मंडळी अडखळली. कशी, ते पाहण्यासारखं आहे.

अडचण

२०१८चा पावसाळा जुलैनंतर ओढला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. हा तालुका त्यात होता. पण मंडळीची खरी पडझड त्याआधीच सुरू झाली होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परतीच्या पावसाची आशा होती तेव्हा, तीन दिवसांची उपास-प्रार्थना ठेवली गेली. बाहेरून एक वक्ते आले. त्यांनी बायबलातल्या १ राजे १८ मधला एलीया संदेष्ट्याचा प्रसंग घेतला : चाकर सात वेळा समुद्राकडे पाहून येतो आणि सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसतो. इथवर ठीकच. पण शेवटच्या रात्री त्यांनी जाहीर केलं की विश्वासाने मागितलंत तर चाळीस दिवसांत देव पाऊस देईल. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं. कुणीतरी मंदिरातल्या कॅलेंडरवर खूणही केली.

चाळीस दिवस गेले. पाऊस आला नाही. मग जे होतं तेच झालं : कुणाच्या विश्वासात कमी पडली याची कुजबुज. ज्या घरातला मुलगा दारू पितो ते घर, ज्यांनी वर्गणी दिली नव्हती ते घर, जी सून तिसऱ्या दिवशी उपास सोडून भाकरी खाताना दिसली ती सून. ती सहा महिन्यांची गरोदर होती. तिने उपास धरायलाच नको होता, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रोजंदारीवर जाणारे, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, अंगावर पाजणाऱ्या बाया, कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसरा धक्का डिसेंबरचा. कापणीचा सण दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. कणसं, भोपळे, कोंबड्या, तुरीच्या शेंगा वेदीपुढे मांडायच्या, उपकारस्तुती करायची आणि मग लिलाव. त्या पैशातून मंडळीचा वर्षाचा किरकोळ खर्च भागतो. ‘आणायला आहेच काय’ म्हणून कमिटीने सणच रद्द केला. जानेवारीत रविवारची हजेरी निम्म्यावर आली. गैरहजर राहणारे रागावलेले नव्हते. लाजलेले होते.

तिसरी अडचण पाण्याची. सरकारी टँकरचा निकष माणशी दिवसाला २० लिटरचा. २,२०० माणसांना ४४,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरच्या चार खेपा. प्रत्यक्षात दोन, फार तर तीन व्हायच्या, कारण भरण्याच्या ठिकाणी वीज नसली की टँकर रांगेत उभा राहतो. टँकर आडात ओतायचा आणि लोकांनी शेंदायचं, त्यात बाचाबाची. आणि मंदिराच्या आवारातल्या विहिरीला अजून पाणी होतं. फेब्रुवारीत सरपंच आणि दोन जाणते लोक पाळकसाहेबांना भेटून गेले.

कोणते पर्याय होते

फेब्रुवारीच्या मध्यावर कमिटी बसली. पाळकसाहेब, चार वडील, महिला मंडळाच्या अध्यक्ष मावशी आणि तरुण संघाचा एक मुलगा. पाच गोष्टी पुढे आल्या.

पुन्हा साखळी-प्रार्थना ठेवायची, या वेळी एकवीस दिवसांची आणि वेगळा वक्ता बोलावून. दोन वडील याच्या बाजूने होते. त्यांचं म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं : लोक एकत्र आले नाहीत तर तुटतात. पण पहिल्या वेळी जे मोडलं त्यावर काही न बोलता तेच पुन्हा करणं म्हणजे दुसऱ्यांदा तारीख देण्यासारखंच होतं. पाळकसाहेबांनी इथे यिर्मया २८ वाचून दाखवला. हनन्या संदेष्टा दोन वर्षांत जोखड मोडेल असं छातीठोक सांगतो. यिर्मयालाही ते खरं व्हायला हवंच असतं, तो ‘आमेन’ म्हणतो. पण देवाने न दिलेली मुदत लोकांच्या गळ्यात बांधल्याचा दोष हनन्यावर येतो. या एका वाचनाने बैठकीचा सूर बदलला. वक्त्याला नावं ठेवण्याऐवजी ‘आपण सगळेच आमेन म्हणालो’ अशी कबुली पुढे आली.

वर्गणी काढून किराण्याची पाकिटं वाटायची. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांकडून थोडे पैसे येऊ शकत होते. पाकिटं दोन आठवड्यांत संपतात, आणि फक्त मंडळीला वाटली तर गावात तेढ, गावाला वाटली तर जुना टोमणा. हा पर्याय अगदी टाकला नाही, फक्त तीन निराधार म्हाताऱ्या आणि एका क्षयरोगी घरापुरता ठेवला, आणि तोही किराणा दुकानात खातं उघडून, कुणाला दिसेल असं न वाटता.

परदेशातल्या एका मंडळीने बोअरसाठी पैसे देऊ केले होते. संस्थेला परदेशी निधी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही आणि स्थानिक मंडळीकडे ती नव्हती. ‘कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर मागवू’ ही सूचना सेक्रेटरींनी तिथेच थांबवली. बरोबर केलं. दुष्काळातल्या मदतीची चौकशी दुष्काळ संपल्यावर होते.

पाऊस येईपर्यंत रविवारव्यतिरिक्त सगळ्या सभा बंद ठेवायच्या. लोक दमले आहेत, पुरुष जनावरांबरोबर चारा छावणीत झोपतात, बायांचा दिवस पाण्यात जातो. हे सगळं खरंच होतं.

पाचवा पर्याय मावशींनी मांडला. त्यांचं वाक्य टिपणवहीत आहे : ‘पाऊस दे म्हणून नका मागू काही दिवस. आधी देवाला सांगू तरी काय झालंय ते.’ उपवासकाळ (लेंट, ईस्टरआधीचे आठवडे) ६ मार्चपासून सुरू होणार होता. बुधवारी संध्याकाळी छोटी सभा, भाषण नाही, फक्त विलापाची स्तोत्रं आणि अडचणी. आणि प्रत्येक अडचणीपुढे माणसाने करायचं काय, तेही लिहायचं.

हा पाचवा पर्याय निवडला गेला. विहिरीचा प्रश्न वेगळ्या बैठकीवर गेला.

काय केलं : बुधवारची सभा

वेळ संध्याकाळी साडेसात, टँकर येऊन गेल्यावर. मुदत चाळीस मिनिटं, आणि ती पाळली. जिथे पुढारी बोलत राहतात तिथे दमलेला माणूस दुसऱ्या बुधवारी येत नाही. सभा मंदिरात न घेता ओसरीवर, सतरंजीवर. सुरुवातीला तीन मिनिटं शांतता. मग एक स्तोत्र, ओळीआड ओळ : एक ओळ वाचणारा, एक सगळे. नंतर ज्याला बोलायचं त्याने एक-दोन वाक्यांत आपलं सांगायचं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यानंतर सगळ्यांनी एकच ओळ म्हणायची : ‘प्रभू, आमच्याकडे पाहा.’ शेवटी प्रभूची प्रार्थना आणि घरी.

उपवासकाळाच्या सात बुधवारी घेतलेली वाचनं क्रमाने अशी : स्तोत्र १३, यिर्मया १४, स्तोत्र ४२, स्तोत्र ४४, स्तोत्र ८८, विलापगीत ३, स्तोत्र २२. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे, पण आपल्या उपासनांत तो क्वचितच वाचला जातो. यिर्मया १४ तर थेट अवर्षणावर आहे : चाकर टाक्यांकडे जातात आणि रिकामी भांडी घेऊन डोकं झाकून परततात, भेगाळलेल्या जमिनीपुढे शेतकरी खजील होतो, हरिणी पाडस टाकून जाते कारण गवत नाही. तो वाचला त्या बुधवारी एका बाईने फक्त एवढंच म्हटलं की आम्हीपण भांडी रिकामीच आणली आज. सभेत पहिल्यांदा कुणीतरी वाचनाला उत्तर दिलं होतं.

स्तोत्र ८८ वर वाद झाला. बहुतेक विलापस्तोत्रं तक्रारीपासून सुरू होऊन शेवटी भरवशाकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारावर संपतं. एका वडिलांना त्यानंतर आनंदाचं गीत हवं होतं, लोकांना निराश करून घरी पाठवू नये म्हणून. पाळकसाहेबांनी नकार दिला. त्यांचा मुद्दा असा की हे स्तोत्र शास्त्रात तसंच ठेवलं आहे, तर आपण त्याला शेपूट का जोडावं? गीत म्हटलं नाही. मात्र दोन खबरदाऱ्या घेतल्या. त्या रात्री कुणी एकटं घरी गेलं नाही, आणि पुढच्या बुधवारी विलापगीत ३ ठेवलं. हा क्रम उलटा केला असता तर काम झालं नसतं. आशेचं वाचन आधी आलं की ८८ मधली तक्रार विश्वासातली पिछेहाट वाटते.

दोन रकान्यांची वही

प्रत्येक अडचण वहीत डाव्या रकान्यात, म्हणजे देवाकडे. उजव्या रकान्यात माणसाचं काम, कोण करणार आणि कधीपर्यंत. लिहायला दहावीतली एक मुलगी. पुढच्या बुधवारी पहिली पाच मिनिटं उजवा रकाना वाचायचा. आधार होता नहेम्या ४:९ चा : त्यांनी प्रार्थना केली आणि पहाराही बसवला.

वहीत सर्वांत जास्त वेळा आलेली अडचण ‘काम नाही’. तिच्यासमोर लिहिलं गेलं : रोजगार हमीचा अर्ज, नमुना ४. इथे बहुतेकांची चूक होते. तोंडी मागणी करतात किंवा अर्ज देऊन तसेच परततात. तारखेची पोचपावती, म्हणजे नमुना ५, हातात नसेल तर १५ दिवसांत काम द्यायची जबाबदारी कुणावरच येत नाही आणि बेकारी भत्त्याचा हक्कही कागदावर उरत नाही. पहिल्या खेपेला पावती मिळाली नाही. दुसऱ्या खेपेला सतरा जण एकदम गेले, सोबत मंडळीच्या बाहेरचे नऊ, आणि पावत्या घेऊनच उठले. मजुरी तेव्हा २०३ रुपये होती, १ एप्रिल २०१९ पासून २०६. काम बांधबंदिस्तीचं मिळालं. मजुरी चार जणांची अडकली, कारण आधार जोडलेलं बँक खातं बंद पडलेलं होतं. ते आधी तपासायला हवं होतं. पुढे वहीत ‘खातं चालू आहे का’ असा एक प्रश्नच छापल्यासारखा प्रत्येक नोंदीखाली येऊ लागला.

वहीचा तोटाही झाला. तिसऱ्या आठवड्यात एका घराने सावकाराच्या कर्जाचा आकडा सांगितला आणि तो दोन दिवसांत चावडीवर पोहोचला. त्यानंतर कर्ज, आजार आणि नवरा-बायकोची भांडणं उघड वहीत घ्यायची नाहीत असं ठरलं. तिथे फक्त ‘घरची अडचण’ लिहायचं आणि तपशील पाळकसाहेब किंवा मावशींना एकांतात. प्रार्थनेत दुसऱ्याचं दुःख सांगणं ही चहाडीची सर्वांत सभ्य रीत आहे. हा नियम पहिल्याच दिवशी हवा होता.

छावणीतल्या पुरुषांसाठी बुधवारी दोघं जण रात्री तिकडे जात. तिथे मोठ्याने काही नाही. बाजेवर बसून एक स्तोत्र वाचायचं, जनावरांची विचारपूस, चहा. शेजारच्या दावणीचे लोक ऐकत बसले तर बसले.

विहीर

विहिरीवरची बैठक सगळ्यांत कडवट झाली. एका वयस्क वडिलांनी विचारलं, आमच्या आज्याला या गावाच्या आडावर दोर टाकू दिला नाही, आता आमच्या विहिरीवर गाव का? या प्रश्नाला घाईने क्षमेचं वचन सांगून गप्प करण्याचा मोह होता. तसं केलं नाही. तो अन्याय झाला होता असं सरपंचांसमोर बोलायचं आणि मगच पाणी द्यायचं, असं ठरलं. पाळकसाहेबांनी ग्रामपंचायतीत ते बोलून दाखवलं. कुणी उत्तर दिलं नाही. पण कुणी नाकारलंही नाही.

मग हिशोब. विहिरीचा व्यास चार मीटर, सकाळी पाणी दीड मीटर : सुमारे १९,००० लिटर. गाठी मारलेल्या दोराने आठवडाभर मोजलं तेव्हा रात्रीतून झरा साधारण अर्धा मीटर भरून काढतो असं दिसलं, म्हणजे जेमतेम ६,००० लिटर. रोज एवढंच उपसायचं. घरटी १५ लिटरचे तीन हंडे, ४५ लिटर, तर रोज १३० घरांना पुरतं. गावातली घरं ४०० च्या आसपास, म्हणून तीन आळ्यांना आळीपाळीने, तिसऱ्या दिवशी पाळी. मंडळीची घरं आपापल्या आळीच्या रांगेत, वेगळी नाहीत. मोटार बंद, फक्त रहाट. वेळ सकाळी सहा ते नऊ. रोजची पातळी खडूने फळ्यावर. फळ्यामुळे निम्मी भांडणं मिटली, कारण पाणी कमी झालं की ते सगळ्यांना दिसत होतं.

शुद्धीकरणाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, १,००० लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे एवढ्या पाण्याला साधारण १०० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकायची नसते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी सोडायची, मग किमान अर्धा तास शेंदायचं नाही. म्हणून हे काम पहाटे पाचला.

आणि एक ठाम नियम : विहिरीवर प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, फलक नाही, फोटो नाहीत. तरुण संघाला वचन लिहिलेला बोर्ड लावायचा होता. नाही म्हटलं. तहानलेल्या माणसाला सुवार्ता सांगायची तर आधी त्याला नाही म्हणायची मोकळीक असावी लागते, आणि रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्याला ती नसते. १८७६–७८च्या दुष्काळात तेलुगू मुलखात ओंगोलला जॉन क्लाऊ यांनी मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवले होते, तेही याच कारणाने. या गावातही दोन कुटुंबं त्या उन्हाळ्यात मंडळीत यायचं विचारू लागली. त्यांना पाऊस पडून हंगाम होईपर्यंत थांबा असं सांगितलं गेलं.

१९ एप्रिलला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आला. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांपैकी पाचवा, ‘मला तहान लागली आहे’, यावर बोलायची पाळी एका तरुण शिक्षकाची होती. त्याने भाषण केलं नाही. योहान १९:२८ वाचलं, बसला, आणि त्याच्या वाट्याची दहा मिनिटं तशीच जाऊ दिली. पंखे बंद होते, पत्रा तापून कडकडत होता. काहींना हे आवडलं नाही, वाटेला आलेलं काम टाळलं असं वाटलं. आमच्या मते त्या दिवशीचं ते सर्वांत नेमकं प्रवचन होतं.

मे महिन्यातला प्रसंग

एक तिशीतला शेतकरी, दोन मुलं, ठिबकसाठी काढलेलं कर्ज. बुधवारी नेमाने यायचा, कधी काही बोलायचा नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने दुकानाची साठ रुपयांची उधारी फेडली, शेजाऱ्याची पहार परत केली आणि मुलांचे शाळेचे दाखले ‘ठेवा तुमच्याकडे’ म्हणून सेक्रेटरींकडे दिले. सेक्रेटरींना खटकलं. त्यांनी मावशींना सांगितलं आणि दोघं त्याच रात्री त्याच्या घरी गेले. मावशींनी आडवळण न घेता विचारलं : जीव द्यायचं मनात येतंय का? बराच वेळाने तो हो म्हणाला. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात विचार घातला जातो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर बहुतेकांना ओझं उतरल्यासारखं होतं.

त्या रात्री शेतीचं औषध घरातून हलवलं, भाऊ त्याच्याजवळ झोपला, आणि सकाळी दोघं त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. प्रार्थनाही केली, पण औषध हलवल्यावर. आज अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक कुठल्याही वेळी लावता येतो, तो तेव्हा नव्हता.

नंतर तो एक गोष्ट बोलला, ती मंडळीने नीट ऐकायला हवी. मागच्या वर्षी एका उपदेशात आत्महत्येला क्षमा नाही असं सांगितलं गेलं होतं. त्यामुळे विचार थांबला नाही, फक्त सांगायची सोय गेली.

काय निष्पन्न झालं

बुधवारची हजेरी पहिल्या आठवड्यात अकरा होती, पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत (ईस्टर) तीसच्या वर गेली, कोयत्यावरून घरं परतल्याचाही त्यात वाटा आहे. नमुना ४ च्या अर्जांतून सव्वीसपैकी बावीस जणांना काम मिळालं. विहीर मेअखेर तळाला आली आणि दहा दिवस बंद ठेवावी लागली. फळ्यावर सगळं लिहिलेलं असल्यामुळे गावाने ते मुकाट्याने मानलं. त्या गरोदर सुनेला मुलगी झाली. तिच्या बारशाच्या आधी उपासाच्या वेळी कुजबुजणाऱ्या दोघी तिच्या घरी जाऊन बोलून आल्या.

आणि पाऊस? २०१९ साली मोसमी वारे महाराष्ट्रात जूनच्या विशीत पोहोचले. या गावात पेरणी लांबली, बाजरी आली. मग ऑक्टोबरच्या शेवटी, काढणीच्या तोंडावर, पाऊस थांबेना. उभ्या कणसांना मोड आले. ज्याने वर्षभर फक्त पावसाची वाट पाहिली असती, त्याच्यासाठी हे उत्तर म्हणजे थट्टाच झाली असती. मंडळीने नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी पुन्हा ओसरीवर सतरंजी टाकली, यिर्मया १४ ऐवजी हबक्कूक ३ (पीक बुडालं तरी देवाच्या ठायी आनंद करण्याचं वाचन) काढलं, आणि वहीच्या उजव्या रकान्यात पंचनाम्याच्या अर्जाची तारीख लिहिली.

तो तरुण शेतकरी औषधं घेतो आहे. कर्ज अजून आहे.

वेगळं काय करता आलं असतं

उपास ठेवायचाच होता तर आधी यादी हवी होती : गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मधुमेही, रक्तदाबाचे, साठीपुढचे आणि रोजंदारीवर जाणारे यांनी अन्नाचा उपास धरायचा नाही. शिवाय ज्यांची चूल आधीच एक वेळ पेटते त्यांना उपास सांगण्यात काय अर्थ? यशया ५८ मधला उपास म्हणजे भुकेल्याशी भाकर वाटून घेणं. तो ऑक्टोबरमध्ये कुणी उघडला नाही.

बाहेरच्या वक्त्याला बोलावताना मुदती आणि भाकितं जाहीर करायची नाहीत, हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. अवघड जातं, पाहुणा असतो. पण नंतर मंडळी सांभाळायची असते ती पाळकाला.

चुकीची कबुली कमिटीच्या खोलीतच राहिली. ऑक्टोबरच्या सभेबद्दल रविवारच्या उपासनेत, सगळ्यांसमोर, चार वाक्यं बोलायला हवी होती. ती ऑगस्टमध्ये बोलली गेली. त्या दहा महिन्यांत दोन घरं दुसऱ्या सभेला जाऊ लागली आणि ती परतली नाहीत.

सर्वांत मोठी चूक कापणीचा सण रद्द करण्याची, असं आमचं मत. सण म्हणजे पिकाचं प्रदर्शन असं मानलं गेलं म्हणून तो बंद झाला, आणि नेमक्या त्या वर्षी लोकांना रिकाम्या हाताने एकत्र येण्याची जागा उरली नाही. लिलाव तेवढा थांबवायचा. लिलावात ज्याच्याकडे रोकड तो बोली वाढवतो, आणि दुष्काळी वर्षी तेच डोळ्यांत खुपतं. डिसेंबर २०१९ चा सण लिलावाविना झाला : मोड आलेली बाजरी, चार दुधी भोपळे, रोजगार हमीच्या मजुरीतून दिलेले दहा-दहा रुपये. खाण्याजोगं धान्य त्या तीन म्हाताऱ्यांकडे गेलं, बाकीचं जनावरांना. मंडळीचा किरकोळ खर्च त्यातून निघाला नाही, तो महिन्याच्या अर्पणातून वर्षभर फेडला.

विहिरीचा लेखी करार ग्रामपंचायतीशी केला नाही, सगळं तोंडी चाललं. पाऊस झाल्यावर दोन शेजाऱ्यांनी कायमचा हक्क सांगितला आणि एकाने रात्री मोटार सोडली. मुदत, वेळ, उपशाची मर्यादा, मोटारीला मनाई आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर ग्रामसेवकाच्या सहीने फेब्रुवारीतच घ्यायला हव्या होत्या. तो कागद आता तयार आहे. सही बाकी आहे.